रात्रीच्या बाजारासाठी प्राइम लेन्स: आधी अंतर, मग एफ नंबर

संध्याकाळी सातनंतर नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर कॅमेरा काढला, की त्याच्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स कुठे कमी पडते ते लगेच दिसतं. डोळ्यांना सगळीकडे झगमगाट दिसत असतो, पण फोटोत चालणारी माणसं पुसल्यासारखी येतात. शटर स्पीड वाढवला की माणसं नीट येतात, पण नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, इतका येतो की साडीच्या दुकानातला रंग न् रंग मळकट दिसतो. मग कोणीतरी सांगतं, "भाऊ, फास्ट प्राइम घे." सल्ला बरोबर आहे. पण कुठली प्राइम, किती फास्ट, आणि जास्तीच्या पैशात नेमकं काय मिळतं, हे नीट समजावणारे कमी भेटतात.

माझं म्हणणं आधीच मांडतो. रात्रीच्या रस्त्यासाठी लेन्स निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की मी माणसांपासून किती लांब उभा राहणार? एफ नंबर त्यानंतर. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, आणि मग चांगली, महागाची लेन्स कपाटात पडून राहते.

आकड्यामागचा हिशेब

प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंथची, झूम न होणारी लेन्स. फोकल लेंथ म्हणजे लेन्सवरचा एमएमचा आकडा; तो लहान तर दृश्य रुंद, मोठा तर दृश्य अरुंद आणि जवळचं. फास्ट म्हणजे जिचं छिद्र मोठं उघडतं अशी. उजेड जास्त आत येतो, म्हणून शटर थोडाच वेळ उघडं ठेवून भागतं. छिद्राचं माप एफ नंबरावरून कळतं. फोकल लेंथला एफ नंबरने भागा, समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. ५० एमएमची लेन्स एफ/१.८ला उघडली तर हे छिद्र जवळजवळ २८ एमएमचं, आणि एफ/५.६ला जेमतेम ९ एमएमचं. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, त्यामुळे उजेडही नऊ-दहापट. आकडा लहान तर छिद्र मोठं, हे सुरुवातीला उलटं वाटतं, ते या भागाकारामुळे.

उजेड स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप वर गेलं की दुप्पट, खाली आलं की निम्मा. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ असा क्रम आहे, आणि त्यात पुढच्या प्रत्येक आकड्याला उजेड निम्मा होतो.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर या. दुकानांच्या थेट उजेडापासून जरा बाजूला, पानठेल्याजवळ एक माणूस चालत येतोय असं धरा. चालणारा माणूस थांबवायला साधारण १/१२५ सेकंद लागतो. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, तो जितका जास्त तितका नॉइज जास्त. अशा ठिकाणी एफ/२ला साधारण आयएसओ १६०० लागेल. एफ/१.४ असेल तर ८०० पुरेल. किट लेन्स ५५ एमएमवर नेली की तिचं छिद्र एफ/५.६च्या पुढे उघडतच नाही, म्हणून तिथे आयएसओ १२८०० लागेल. माणूस तोच, रस्ता तोच, पण १६०० आणि १२८०० यांच्यात त्वचेचा रंग वाचतो की जातो एवढा फरक आहे.

"माझ्या कॅमेऱ्यात तर स्टॅबिलायझेशन आहे, मग फास्ट लेन्स कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरच्या माणसाचे पाय ते थांबवू शकत नाही. फुटाळा तलावाच्या काठावरून पाण्यातले दिवे टिपायचे असतील तर ते फार कामाचं आहे, १/८ सेकंदालाही फोटो धड येईल. पण इतवारीत हातगाडी ओढणारा माणूस १/८ला नुसता फराटा होतो. माणसांच्या फोटोंना शटर स्पीड लागतो, आणि शटर स्पीडला उजेड.

फास्ट लेन्सचा आणखी एक फायदा आहे, त्याच्याविषयी कमी बोललं जातं. कॅमेरा फोकस साधतो तो बहुतेक वेळा लेन्स पूर्ण किंवा बरीच उघडी ठेवून. आत जास्त उजेड आला की अंधारात फोकस पटकन लागतो. किट लेन्स जिथे मागे-पुढे घुटमळत राहते, तिथे एफ/१.८ची साधी प्राइम फोकस पकडते. रस्त्यावर तो क्षण हातातून न जाणं हे मला कमी नॉइजपेक्षाही मोलाचं वाटतं.

उजेड नसताना फ्लॅशशिवाय फोटो काढायची धडपड जुनी आहे. १९२४ साली ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा काढला. त्यावर लुडविग बेर्टेले यांनी रचलेली एफ/२ची लेन्स होती, त्या काळात कमालीची फास्ट. एरिक सालोमोन या जर्मन वृत्तछायाचित्रकाराने त्या कॅमेऱ्याने कोर्टात आणि राजनैतिक बैठकांमध्ये, खोलीतल्या उजेडावर, कोणाच्या लक्षात न येता फोटो काढले. फिल्मची संवेदनशीलता तेव्हा आजच्या सेन्सरच्या जवळपासही नव्हती. एफ/२ची लेन्स हातात असलेल्या आजच्या माणसाकडे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त सोय आहे, हे ध्यानात ठेवलं की एफ/१.२ची ओढ जरा कमी होते.

तुम्ही उभे कुठे राहणार?

एक सोपं गणित पाठ करून ठेवण्यासारखं आहे. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ एमएमची लेन्स लावली, की समोरची वस्तू जितकी लांब, साधारण तितकीच फ्रेमची रुंदी. तीन मीटरवर तीन मीटर रुंद दृश्य, पाच मीटरवर पाच मीटर. ५० एमएमला हीच रुंदी अंतराच्या सात दशांश होते, म्हणजे तीन मीटरवर सव्वादोनच्या आत. २८ एमएमला ती अंतराच्या सव्वापट. एपीएस-सी सेन्सर, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक सुरुवातीच्या कॅमेऱ्यांमधला छोटा सेन्सर, असेल तर ३५चं काम २३ किंवा २४ एमएमची लेन्स करते. मायक्रो फोर थर्ड्सवर, म्हणजे त्याहूनही छोट्या सेन्सरवर, १७ एमएमची.

हे गणित घेऊन महालातल्या किंवा इतवारीतल्या एखाद्या गल्लीत उभे राहा. समोरच्या दुकानाचा उंबरा तुमच्यापासून तीन मीटर. ३५सारख्या लेन्सने पूर्ण दुकान, गल्ल्यावरचा माणूस, गिऱ्हाईक आणि वर टांगलेला माल सगळं बसतं. आता एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० एमएम लावा. ती फुल फ्रेमच्या हिशेबाने ७५ एमएमसारखी वागते. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत आडव्या फ्रेममध्ये घ्यायचा तर साडेपाच-सहा मीटर मागे जावं लागेल. गल्लीत तुमच्या पाठीमागे तेवढी जागाच नसते. तिथे दुसऱ्या दुकानाची पायरी असते आणि तिच्यावर कोणीतरी बसलेलं असतं.

आपल्याकडे पहिली प्राइम म्हणून जी घेतली जाते ती जवळजवळ नेहमी ५० एमएम एफ/१.८. ती स्वस्त आहे, हलकी आहे, आणि खरंच चांगली आहे. ती स्वस्त का, हेही समजून घेण्यासारखं आहे. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांमध्ये, म्हणजे डीएसएलआरमध्ये, लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा सोडावी लागते. कॅननमध्ये ती ४४ एमएम, निकॉनमध्ये ४६.५ एमएम. ५० एमएमची लेन्स या अंतरापेक्षा लांब, म्हणून झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली काढलेल्या प्लानारच्या वळणाची, सहा-सात काचांची सरळ रचना तिला पुरते. २४ एमएमची लेन्स मात्र मागच्या अंतरापेक्षा आखूड, म्हणून तिला उलटी, गुंतागुंतीची रचना करावी लागते आणि काचा वाढतात. म्हणजे ५० स्वस्त आहे ती बनवायला सोपी म्हणून. तुमच्या गल्लीला ती योग्य आहे का, याचा तिच्या किंमतीशी काही संबंध नाही. फुल फ्रेमवर ती रस्त्याची उत्तम लेन्स आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचं बहुतेक काम ५० एमएमवरच केलं. एपीएस-सीवर मात्र ती चेहऱ्यांची लेन्स होते. घरातल्या लहान मुलांचे, लग्नातले फोटो त्यावर सुरेख येतात. गोकुळपेठेच्या भाजीबाजारात ती कोंडीत पकडते.

गर्दी दाट असेल तर ३५ही जवळची पडते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास रात्री फिरताना माणूस तुमच्यापासून जेमतेम एका मीटरवर असतो. एका मीटरवर ३५ची फ्रेम एक मीटर रुंद, म्हणजे चेहरा आणि खांदे. त्याच्या मागचा निळ्या झेंड्यांचा आणि पुस्तकांच्या स्टॉलचा सगळा पसारा बाहेर राहतो. अशा ठिकाणी फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ किंवा २८ हवी. उलट, फुटाळ्यासारख्या मोकळ्या काठावर किंवा झिरो माइलच्या रुंद चौकात ५०ने मोकळा श्वास घेता येतो.

आपल्याला कुठली फोकल लेंथ जमते हे लेन्स विकत घेण्याआधी तपासायला एक पैसाही लागत नाही. किट लेन्स २४वर ठेवा, झूमच्या रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा आणि एक संध्याकाळ फक्त त्याच फोकल लेंथवर फिरा. दुसऱ्या संध्याकाळी ३५वर. फोटो खराब येतील, त्याची काळजी नको. पाय कुठे अडतात, मागे सरकावंसं कुठे वाटतं, कुठे जवळ जायची भीती वाटते, ते बघा. मला ही चाचणी कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा खात्रीची वाटते, कारण ती तुमच्या शहरात, तुमच्या स्वभावावर केलेली असते.

जास्त उघडं म्हणजे जास्त चांगलं असं नाही

छिद्र मोठं उघडलं की उजेड वाढतो, पण त्याच वेळी फोकसमध्ये राहणारी जागा पातळ होते. फुल फ्रेमवर ३५ एमएम, एफ/१.४, माणूस दोन मीटरवर: पुढून मागे साधारण २७ सेंटीमीटर एवढाच पट्टा धारदार राहतो. एफ/२ला तो चाळीसच्या आसपास होतो. ५० एमएम एफ/१.४ला त्याच अंतरावर १३-१४ सेंटीमीटर, ८५ एमएम एफ/१.८ला सहाच्या आसपास. सहा सेंटीमीटरमध्ये नाक आणि डोळे येतात, कान येत नाहीत.

पोर्ट्रेटला हे छान दिसतं. पण रस्त्याच्या फोटोत मागचं दृश्य हा अर्धा फोटो असतो. पोहेवाला, त्याची तर्रीची पातेली, बाकावर बसलेली माणसं, भिंतीवरचा मजकूर, मागे उभी असलेली रिक्षा. यातलं पोहेवाल्याशिवाय सगळं पुसून टाकलं तर तो फोटो नागपुरात काढला की इंदुरात, कोणाला कळणार? धूसर पार्श्वभूमीचं वेड लागलं की सगळे फोटो सारखे दिसायला लागतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण चितार ओळीत बघायला मिळतं. गणपतीच्या आधीच्या दिवसांत महालातल्या या ओळीत मूर्तिकार रात्र-रात्र काम करत असतात. शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे डोळ्यांची आखणी. मूर्तिकार बल्ब ओढून मूर्तीच्या तोंडाजवळ आणतो, डाव्या हाताने उजवं मनगट धरतो, आणि बारीक कुंचल्याने पापणीची रेघ एका दमात ओढतो. रेघ पूर्ण होईपर्यंत तो श्वासही घेत नाही. अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं. रेघ संपली, कुंचला वाटीत बुडाला की विचारायचं, "काका, फोटो काढू का?" उत्तर बहुतेक वेळा असं येतं: "काढा ना भाऊ, फक्त तो लाइट नका मारू."

आता इथला हिशेब बघा. मूर्तिकाराचा चेहरा आणि कुंचल्याचं टोक यांच्यात तीस-चाळीस सेंटीमीटरचं अंतर. ३५ एमएमने एक मीटरवरून एफ/१.४ला काढलं तर धारदार पट्टा सात सेंटीमीटरचा. एक तर कुंचला मिळेल नाही तर त्याची नजर. हा फोटो तर त्या दोघांचाच आहे. दीड मीटरवर मागे सरा आणि छिद्र एफ/४ करा, पट्टा चाळीस सेंटीमीटरच्या पुढे जातो, दोन्ही बसतात. उजेडाचं काय? बल्ब मूर्तीच्या अगदी जवळ असल्यामुळे तिथे रस्त्यापेक्षा बराच जास्त उजेड असतो, आणि मूर्तिकार स्थिर बसलेला असतो. १/६० सेकंद आणि आयएसओ ८००मध्ये काम होतं. फास्ट लेन्स हातात आहे आणि तरी ती एफ/४ला वापरली. मला यात काहीच वाया गेल्यासारखं वाटत नाही. तिथून बाहेर पडून अंधाऱ्या वळणावर आलं की तीच लेन्स पुन्हा एफ/१.८ला उघडता येते. तुम्ही मोठ्या छिद्राचे पैसे देता ते गरज पडेल तेव्हा उघडता यावं म्हणून.

मग १.८, १.४ आणि १.२ यांत निवड कशी करायची? १.८च्या जागी १.४ घेतली तर मिळतो दोन तृतीयांश स्टॉप. जिथे आयएसओ ३२०० लागायचा तिथे २००० लागेल. फरक आहे, पण बाजूबाजूला ठेवून बघितला तरच दिसतो. १.८च्या जागी १.२ घेतली तर उजेड दुपटीहून थोडा जास्त. त्याच्या बदल्यात वजन बघा. निकॉनच्या झेड माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी) ४० एमएम एफ/२ सुमारे १७० ग्रॅमची आहे, आणि त्याच माउंटची ५० एमएम एफ/१.२ सुमारे १०९० ग्रॅमची. सोनीची ३५ एमएम एफ/१.८ सुमारे २८० ग्रॅम, ३५ एमएम एफ/१.४ जीएम ५२४ ग्रॅम. आकडा वाढवत नेण्याला अंत नाही. नासासाठी झाइसने १९६०च्या दशकात ५० एमएम एफ/०.७ अशी लेन्सही केली होती, सगळ्या मिळून दहाच. आपण फिरायला निघालोय. बर्डीपासून महालापर्यंत चालत जाऊन, पोहे खाऊन, परत येईपर्यंत मानेला एक किलो लटकत असेल तर तिसऱ्या दिवशी कॅमेरा घरीच राहतो. माझं मत स्पष्ट आहे: एफ/१.८ किंवा एफ/२, आणि उरलेल्या पैशांत रेल्वेचं तिकीट.

रात्रीच दिसणारे दोष

दिवसा चांगली वाटणारी लेन्स रात्री वेगळं रूप दाखवते, कारण रात्रीच्या फोटोत काळ्या पार्श्वभूमीवर प्रखर बिंदू असतात. पहिला दोष कोमा. फ्रेमच्या कोपऱ्यातल्या दिव्याचा ठिपका ठिपका न राहता पंख पसरल्यासारखा दिसतो. दिवाळीच्या माळा कोपऱ्यात आल्या की तो चटकन लक्षात येतो. छिद्र एफ/२.८ केलं की बहुतेक लेन्समध्ये तो बराच आवरतो. आकाशातले तारे टिपणाऱ्यांनी याची काळजी जास्त करावी. रस्त्यावर माणूस फ्रेमच्या मधल्या भागात असतो, तेव्हा मी याच्यासाठी जास्त पैसे मोजणार नाही. दुसरा दोष, चमकत्या पाट्यांच्या कडेला येणारी जांभळी-हिरवी किनार. तीही थोडं छिद्र कमी केल्यावर घटते, आणि उरलेली सॉफ्टवेअरमध्ये काढता येते.

तिसरा दोष लेन्सचा नसतो, फिल्टरचा असतो. दुकानदार लेन्ससोबत यूव्ही फिल्टर हमखास देतो. रात्री समोरून गाडीचे हेडलाइट आले की सेन्सर आणि फिल्टरची सपाट काच यांच्यात उजेड आपटतो, आणि फोटोत त्या दिव्यांची भुतं फ्रेमच्या विरुद्ध बाजूला उमटतात. रात्री फिल्टर काढून ठेवा आणि हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं गोल कडं, लावा. हूड आडवा उजेड अडवतो, आणि गर्दीत धक्का लागला तर काचेचं रक्षणही तोच करतो.

आणि एक दोष दिव्यांचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही. शटर १/२५० किंवा त्याहून वेगाने मारलं की कधी फोटो अंधारा येतो, कधी रंग बदलतो, कधी आडवे पट्टे पडतात. १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की दिव्याचं एक अख्खं आवर्तन शटरमध्ये सामावतं आणि पट्टे जातात. मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं; अशा दिव्यांखाली ते बंद करून मेकॅनिकल शटर वापरा. दुकानांच्या सरकत्या अक्षरांच्या पाट्या आपल्याच वेगाने लुकलुकतात, त्यांच्यासाठी दोन-चार फोटो जास्त काढणं हाच उपाय. एवढ्या एका गोष्टीने लेन्सवर उगाच खापर फुटणं अर्ध्याने कमी होतं.

तुमच्या कॅमेऱ्यावर काय लावाल

निकॉनच्या छोट्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी २४ एमएम एफ/१.७ आहे, वजन १३५ ग्रॅमच्या आसपास. एका लेन्सवर प्रवास करायचा तर माझी पहिली पसंती अशीच लेन्स असेल. निकॉनचा जुना डीएसएलआर असेल तर डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी घ्या, ती फुल फ्रेमच्या ५०सारखी वागते, २०० ग्रॅमची आहे आणि सेकंडहँड सहज मिळते. कॅननच्या छोट्या सेन्सरच्या डीएसएलआरवर २४ एमएम एफ/२.८ ही पातळशी लेन्स बसते. एफ/२.८ हा आकडा ऐकून नाक मुरडू नका. किट लेन्स त्या फोकल लेंथवर चारच्या आसपास असते, आणि बाजारातलं अंतर या लेन्सला बरोबर जमतं. कॅननच्या फुल फ्रेम मिररलेसवर ३५ एमएम एफ/१.८ आहे, तिच्यात स्टॅबिलायझेशनही आहे आणि जवळचं फोकसही, म्हणजे जेवणाचं ताट टिपायलाही तीच.

सोनीच्या छोट्या सेन्सरवर सिग्माची ३० एमएम एफ/१.४ ही अनेकांची आवडती, ती सुमारे ४५सारखी वागते. गल्ल्यांसाठी सिग्माचीच २३ एमएम एफ/१.४ जास्त बरी. फुजीफिल्मवर २३ एमएम एफ/२, सुमारे १८० ग्रॅम, पावसाच्या शिंतोड्यांना दाद न देणारी. ऑलिंपसच्या किंवा पॅनासॉनिकच्या मायक्रो फोर थर्ड्सवर १७ एमएम एफ/१.८ किंवा २० एमएम एफ/१.७, दुसरी तर ९० ग्रॅमच्याही आत आहे, जॅकेटच्या खिशात मावते.

प्रवासाला दोन लेन्स न्यायच्याच असतील तर ३५सारखी एक आणि ७५-८५सारखी एक. २४ आणि ३५ अशी जोडी मी नेणार नाही, त्या एकमेकींच्या फार जवळच्या आहेत. आपल्याकडून ताडोब्याला किंवा पेंचला जायचं असेल तर वाघासाठी लांबची झूम लागेलच, तिथे प्राइमचं काम संध्याकाळी जेवणाच्या वेळी. रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेला जाणार असाल तर मात्र झूम घरी ठेवा. पणत्यांच्या उजेडात एफ/१.८शिवाय हाताने फोटो काढणं अवघड.

मॅन्युअल फोकसच्या स्वस्त फास्ट लेन्सही मिळतात. रात्री एफ/१.४वर चालत्या माणसावर हाताने फोकस लावणं सरावाचं काम आहे. त्याऐवजी फुल फ्रेमवर २८ एमएम घ्या, एफ/२.८ ठेवा, फोकस तीन मीटरवर लावून सोडून द्या. सव्वादोन मीटरपासून जवळजवळ साडेचार मीटरपर्यंत सगळं धारदार येईल. मग फक्त पावलांनी अंतर राखायचं. उजळ बाजारात ही पद्धत ऑटोफोकसपेक्षा वेगवान आहे.

सेकंडहँड घेताना आणि घरी आणल्यावर

प्राइममध्ये हलणारे भाग कमी, त्यामुळे जुनी घ्यायला हरकत नाही. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, दोन्ही झाकणं उघडा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. धुळीचे चार कण असतील तर फोटोवर काहीही परिणाम नाही. छिद्राच्या पात्यांवर तेल चकाकतंय का तेही बघा. तेल असेल तर पाती अडकतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर नसते, म्हणून त्यांच्यावर ५० एमएम एफ/१.८डीसारख्या जुन्या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. "जी" असलेली घ्या. शेवटी लेन्स पूर्ण उघडून पाच-सहा फुटांवरच्या छापील कागदावर फोकस लावा आणि स्क्रीनवर मोठं करून बघा, की फोकस जिथे लावला तिथेच अक्षरं धारदार आहेत ना.

बुरशीसाठी आपण पावसाळ्याला दोष देतो, पण नागपुरात एप्रिल-मेमध्येही ती लागू शकते. बाहेर हवा कोरडी ठाक असते खरी, पण घरात कूलर चालू असतो, आणि कूलर दिवसभर खोलीत ओलावा ओतत असतो. कूलरच्या खोलीतल्या कपाटात, कापडी बॅगेत महिनोन्महिने ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघा. जेलचा रंग बदलला की ती गरम करून कोरडी करा किंवा नवी घाला. चामड्याच्या जुन्या पाऊचमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. आणि महिन्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा; बुरशीला अंधार आणि स्थिर हवा आवडते.